विश्लेषण : ‘एन्रॉन’च्या माहितीपटात गुहागर कुठे दिसते?

इंटरनेटवरून थेट घराघरांत चित्रपट पोहोचवायचे, प्रेक्षकाने बटण दाबायचे आणि हवा तो सिनेमा सुरू व्हायचा, अशी योजना अमेरिकेतल्या एका कंपनीने २००० मध्येच जाहीर केली होती. नेटफ्लिक्सने ही सेवा सुरू केली २००७ मध्ये. सात वर्षे आधी हे स्वप्न विकणारी ती कंपनी म्हणजे एन्रॉन. कोकणातल्या वाचकाला याचे नवल वाटेल, कारण इथे एन्रॉन म्हणजे अंजनवेलच्या सड्यावरच्या चिमण्या, मोर्चे, पोलीस बंदोबस्त आणि न परवडणारी वीज. मात्र सिनेमा आणि वीज ही दोन्ही स्वप्ने एकाच कार्यालयात, एकाच पद्धतीने रंगवली गेली होती. ती पद्धत समजून घ्यायची असेल तर ‘एन्रॉन : द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम’ हा माहितीपट पाहायला हवा. गुहागरच्या वाट्याला काय आले, हे मात्र त्यात पुरेसे कळत नाही.

माहितीपट कशाबद्दल आहे?

अॅलेक्स गिबनी यांनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट २००५ मध्ये आला आणि त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. ‘फॉर्च्युन’ मासिकाचे पत्रकार बेथनी मॅक्लीन आणि पीटर एल्किंड यांच्या २००३ मधील पुस्तकावर तो बेतलेला आहे. यातला उपरोध असा, की याच ‘फॉर्च्युन’ने १९९६ ते २००१ अशी सलग सहा वर्षे एन्रॉनला अमेरिकेतील सर्वांत कल्पक कंपनी ठरवले होते.

१९८५ मध्ये दोन गॅसवाहिनी कंपन्यांच्या विलीनीकरणातून एन्रॉन उभी राहिली. अध्यक्ष केनेथ ले राजकारण्यांच्या वर्तुळात वावरणारे, तर जेफ्री स्किलिंग हे सल्लागार कंपनीतून आलेले, बुद्धीचा दरारा असलेले गृहस्थ. गॅसच्या नळ्या बाळगण्यापेक्षा गॅसचे सौदे करण्यात जास्त पैसा आहे, हे स्किलिंग यांनी हेरले. गॅसनंतर वीज, विजेनंतर पाणी, मग इंटरनेटची वहनक्षमता अशी सौद्यांची यादी वाढत गेली. ऑगस्ट २००० मध्ये शेअरचा भाव ९० डॉलरवर होता. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तो शेअर एका डॉलरलाही महाग झाला होता. सुमारे वीस हजार कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांवर संकट आले आणि ज्यांनी निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवली होती, त्यांची ती पुंजीही गेली.

माहितीपटातला सर्वांत अंगावर येणारा भाग कॅलिफोर्नियाचा आहे. २०००-०१ मध्ये तिथे वीजटंचाई असताना एन्रॉनचे दलाल वीज केंद्रे बंद ठेवायला सांगत होते, भाव चढले की हसत होते. त्यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती पडद्यावर ऐकू येतात. गिबनी यांनी त्या जवळपास कोणत्याही टिप्पणीशिवाय वाजवल्या आहेत, आणि ते योग्यच केले.

मोहोर येण्याआधीच नफा?

एन्रॉन बुडण्याचे मूळ एका हिशेबपद्धतीत होते. ती किचकट वाटते, पण गुहागरच्या आंबा बागायतदाराच्या उदाहरणाने सहज समजेल. समजा, एखाद्या बागायतदाराने व्यापाऱ्याशी वीस वर्षे हापूस पुरवण्याचा करार केला. अजून झाडाला मोहोर नाही, पेटी भरलेली नाही, पैसे आलेले नाहीत. पण वीस वर्षांत मिळेल असा जो नफा त्याला वाटतो, तो सगळा त्याने याच वर्षीच्या वहीत ‘जमा’ म्हणून लिहिला. त्या नफ्यावर घरच्यांना बक्षीस वाटले, बँकेकडून आणखी कर्ज काढले. पुढच्या वर्षी वही भरण्यासाठी त्याला आणखी मोठा करार लागणार, कारण जुन्या कराराचा नफा आधीच लिहून संपला आहे.

एन्रॉन नेमके हेच करत होती, आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने तिच्या गॅस व्यवहारांसाठी या पद्धतीला मान्यता दिली होती. सिनेमाचे स्वप्न याच वहीत शिरले. जुलै २००० मध्ये एन्रॉनने व्हिडीओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या ‘ब्लॉकबस्टर’ या बड्या साखळीशी वीस वर्षांचा करार केला. स्टुडिओंकडून पुरेशा चित्रपटांचे हक्क मिळेनात. घरापर्यंत येणारी तारही तितकी वेगवान नव्हती. मोजक्या शहरांतल्या थोड्या घरांत चाचणी झाली आणि मार्च २००१ मध्ये करार मोडला. तोवर त्या कराराच्या भावी कमाईपोटी सुमारे ११ कोटी डॉलरचा नफा वहीत चढलाही होता.

कल्पना चुकीची नव्हती. हा लेख ज्या फोनवर वाचला जात आहे, त्याच फोनवर आज सिनेमे पाहिले जातात. घोटाळा झाला तो कल्पना खरी होण्याआधीच तिचे पैसे मोजून घेण्यात. आणि कागदावरचा नफा खरा दाखवण्यासाठी तोटा आणि कर्ज लपवणे भाग पडले. वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांनी त्यासाठी आडोशाच्या संस्था उभ्या केल्या. माहितीपटाचा बराच वेळ या आडोशांवर खर्च होतो.

‘दाभोळ’ गुहागरात कसे आले?

माहितीपटात भारतातील प्रकल्पाचे नाव येते ‘दाभोळ’. जगभरच्या कागदपत्रांतही तेच नाव आहे. वास्तविक दाभोळ हे वाशिष्ठी खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात आहे. प्रकल्प उभा आहे खाडीच्या दक्षिण तीरावर, गोपाळगडाशेजारी, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, वेलदूर, रानवी परिसरात. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने येताना हे अंतर कोणाच्याही लक्षात येते, करारावर सह्या करणाऱ्यांच्या मात्र ते कधी आड आले नाही.

१९९१ च्या परकीय चलन संकटानंतर केंद्र सरकारला परदेशी भांडवल हवे होते आणि राज्यांना वीज. जून १९९२ मध्ये एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात प्राथमिक सामंजस्य करार झाला. त्यासाठी स्पर्धात्मक निविदा काढल्या नव्हत्या. ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. ‘दाभोळ पॉवर कंपनी’त एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता, तर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. दोन टप्पे मिळून सुमारे दोन हजार मेगावॉट वीज आणि इंधन म्हणून आयात केलेला द्रवरूप नैसर्गिक वायू, अशी ती योजना. खर्चाचा अंतिम अंदाज २९० कोटी डॉलरच्या घरात गेला. तोवर भारतातली ती सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक मानली जात होती.

इशारे वेळेवर मिळाले होते. जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारले आणि हा प्रकल्प राज्याच्या गरजेच्या मानाने मोठा, तसेच महागड्या इंधनावर बेतलेला असल्याचे कळवले. पुण्याच्या ‘प्रयास’ या गटाने कराराचे तांत्रिक व आर्थिक विश्लेषण करून मंडळावर पडणाऱ्या बोजाचा हिशेब मांडला. दुसरीकडे एन्रॉनच्या एका अधिकारी महिलेने १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे, भारतीयांच्या ‘शिक्षणा’वर आणि प्रकल्पाच्या उभारणीपूर्व कामांवर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे सांगितले. हे शिक्षण नेमके कोणाला दिले, हा प्रश्न पुढे विधानसभेपासून न्यायालयापर्यंत घुमत राहिला. लाचखोरीचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही.

वीज इतकी महाग का पडली?

खानावळीचा डबा लावल्यासारखा हा करार होता. महिन्याचे तीन हजार रुपये आधीच ठरलेले. तीसही दिवस जेवलात तर डबा शंभर रुपयांना पडतो. दहाच दिवस जेवलात तरी तीन हजार द्यावेच लागतात, म्हणजे एक डबा तीनशेला. गुहागरच्या करारात मंडळाने वीज उचलली किंवा नाही उचलली, केंद्र सज्ज असल्याचा ठोक आकार द्यायचाच होता. त्यात तो आकार बव्हंशी डॉलरशी जोडलेला. १९९३ मध्ये डॉलर साधारण ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये तो ४६-४७ वर गेला. इंधनाचा खर्चही आंतरराष्ट्रीय बाजाराप्रमाणे ग्राहकाच्या माथी. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला तोही नाफ्थ्यावर, आणि २००० मध्ये खनिज तेलाबरोबर नाफ्था कडाडला.

मग व्हायचे तेच झाले. वीज महाग म्हणून मंडळ कमी वीज उचलू लागले आणि कमी उचलली म्हणून ती आणखी महाग पडू लागली. एका टप्प्यावर दर युनिटमागे सात रुपयांवर गेला. मंडळाला इतर केंद्रांची वीज त्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळत होती.

दोष एकट्या कराराचा नव्हता, हेही नोंदवायला हवे. मंडळाची गळती, वीजचोरी आणि थकबाकी एवढी होती की स्वस्त वीज विकूनही त्याचा जमाखर्च जुळत नव्हता. एन्रॉनचा युक्तिवाद असा, की सही केलेल्या कराराचे पैसे मागणे हा गुन्हा नाही. कायद्याच्या भाषेत तो बिनतोड होता. पण या करारात केंद्र बांधणाऱ्याचा धोका जवळजवळ शून्य आणि वीज वापरणाऱ्याचा धोका संपूर्ण होता. रुपया घसरला, तेल चढले, मागणी कमी झाली, यांपैकी काहीही घडले तरी बिल मुंबईला यायचे, ह्यूस्टनला नाही. द्रष्टेपणाचा एवढा बोलबाला असलेल्या कंपनीने स्वतःच्या दृष्टीवर पैज मात्र लावली नव्हती.

समुद्रात बुडवले, मग वर कोणी काढले?

एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही गोपीनाथ मुंडे यांची घोषणा १९९५ च्या निवडणुकीत गाजली. शरद पवार यांचे सरकार गेले, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, मुंडे उपमुख्यमंत्री. मुंडे समितीच्या अहवालानंतर ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर झाले. कंपनीने लंडनमध्ये लवादाकडे धाव घेतली. नोव्हेंबरात एन्रॉनच्या आंतरराष्ट्रीय विभागाच्या प्रमुख रेबेका मार्क यांनी बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली, फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प पुन्हा पाण्यावर आला.

नव्या करारात दर युनिटमागे २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणल्याचे सरकारने सांगितले. तो आकडा रुपयाचा विशिष्ट भाव, इंधनाचा विशिष्ट दर आणि केंद्राचा जवळपास पूर्ण वापर गृहीत धरून काढलेला होता. त्याहून महत्त्वाचे कलम मथळ्यांत आले नाही. मूळ करारात दुसरा टप्पा घेणे मंडळाच्या मर्जीवर होते, नव्या करारात ते बंधनकारक झाले. बुडवायला निघालेल्यांनी जहाज आणखी मोठे करून घेतले. त्यानंतर मे १९९६ मध्ये, बहुमत नसलेल्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल, असे ते वचन. काँग्रेसने करार केला, युतीने वाढवला, केंद्रातील भाजपने हमी दिली. म्हणूनच या प्रकरणावर बोलताना प्रत्येक पक्षाचा आवाज एका ठरावीक वाक्यानंतर खाली येतो.

२००१ च्या जानेवारीत केंद्र जाहीर केल्याप्रमाणे वेळेत पूर्ण क्षमतेवर आले नाही, असे म्हणत मंडळाने कंपनीला ४०१ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने तो अमान्य केला. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिलमध्ये दिलेल्या अहवालात लागोपाठच्या सरकारांच्या कारभारावर बोट ठेवले. मेअखेर मंडळाने वीज घेणे थांबवले. दुसऱ्या टप्प्याचे बहुतांश काम पूर्ण झालेले असताना केंद्र बंद पडले. जूनमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी वॉशिंग्टनमध्ये सोनिया गांधी यांच्याकडे हा विषय काढला, इतके त्याचे वजन होते. सहा महिन्यांनी खुद्द एन्रॉनच उरली नाही.

माहितीपटात या साऱ्याची जागा थोडक्यात भरली आहे. भारताला न परवडणारी वीज, सुमारे एक अब्ज डॉलरचा तोटा आणि तरीही अधिकाऱ्यांना लाखो डॉलरचे बोनस. यातला शेवटचा मुद्दा खरा मर्मभेदी आहे. परदेशी प्रकल्प आणणाऱ्यांचे बोनस प्रकल्पाने किती वर्षे वीज विकली यावर ठरत नव्हते. कर्जाची जुळणी झाली की पुढच्या अनेक वर्षांच्या अंदाजित नफ्यावर ते मोजले जात. तिकडे सिनेमाचे झाले, तेच इथे विजेचे. अंजनवेलला पहिला दिवा लागण्याआधीच बक्षिसे वाटून झाली होती.

गावांचे काय झाले?

या प्रश्नाला माहितीपटात जागा नाही. भूसंपादन, पिण्याचे पाणी आणि खाडीत सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा मासळीवर होणारा परिणाम, या धास्तीतून गावे उठली होती. वेलदूर हे कोळ्यांचे गाव. खाडीतली मासळी गेली तर भरपाई कशाच्या हिशेबाने मिळणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरमध्ये शिरले, घरांतून महिलांना ओढून बाहेर काढले, मारहाण केली आणि अटक केली, असे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने जानेवारी १९९९ च्या अहवालात नोंदवले आहे. बंदोबस्तावरच्या राज्य राखीव दलाचा खर्च कंपनी देत होती, हा त्या अहवालातला सर्वांत गंभीर मुद्दा. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याआधीच, १९९७ मध्ये, विकासाच्या नावाखाली निदर्शने दडपली जात असल्याचा अहवाल दिला होता.

आंदोलकांना तेव्हा विकासविरोधी म्हटले गेले. त्यांचे सर्वच आक्षेप खरे ठरले असे नाही. पण ही वीज परवडणार नाही, हे तीन-तीन सरकारांच्या सल्लागारांपेक्षा त्यांनी लवकर ओळखले होते.

आता तिथे काय आहे?

जुलै २००५ मध्ये, माहितीपट अमेरिकेत प्रदर्शित झाल्यानंतर काही महिन्यांत, ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी स्थापन झाली. एनटीपीसी, गेल, वित्तसंस्था आणि राज्याची वीज कंपनी यांनी मिळून केंद्र ताब्यात घेतले. २००६ मध्ये ते पुन्हा धडधडले. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील गॅस मिळू लागला, तो आटल्यावर २०१३ पासून केंद्र पुन्हा थंडावले. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज पुरवण्यासाठी त्याचा काही भाग सुरू झाला. १,९६७ मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र अनेकदा बंद राहिले. बहुतेक वेळा परवडणारा गॅस मिळाला नाही. म्हणजे जागतिक बँकेने १९९३ मध्ये घेतलेलाच आक्षेप.

वायू आयात करण्याचा धक्का मात्र एन्रॉनच्या स्वप्नापेक्षा वेगळ्या रूपात जगला. २०१३ मध्ये तिथे वायू उतरू लागला आणि दाभोळ-बेंगळूरु वाहिनीने तो कर्नाटकात जाऊ लागला. लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने पुढे कित्येक वर्षे पावसाळ्यात जहाजे लागत नव्हती. आयात वायू देशाला लागणार, हा अंदाज बरोबर होता. सिनेमाच्या अंदाजासारखाच तोही वेळेआधीचा होता. फरक एवढाच, की ब्लॉकबस्टरचा करार मोडला तेव्हा ते कागद फाडता आले. इथे दोन हजार मेगावॉटचे पोलाद उभे होते आणि त्यावर भारतीय बँकांचे कर्ज. परदेशी भागीदार तडजोडीत पैसे घेऊन बाहेर पडले, कर्जाची पुनर्रचना सार्वजनिक संस्थांनी सोसली.

शिक्षा कोणाला झाली?

अमेरिकेत मे २००६ मध्ये ले आणि स्किलिंग दोषी ठरले. ले यांचा शिक्षेपूर्वीच मृत्यू झाला, स्किलिंग २०१९ मध्ये सुटले. फास्टो यांनी गुन्हा कबूल करून तुरुंगवास भोगला. हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जगातली मोठी संस्था संपली. कंपन्यांच्या ताळेबंदाला प्रमुखांनी व्यक्तिशः जबाबदार राहावे, असा कायदा २००२ मध्ये झाला. पण हे सगळे भागधारकांची फसवणूक केल्याबद्दल. गुहागरचा करार त्या आरोपपत्रांचा विषय नव्हता.

महाराष्ट्रात निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. कुर्डुकर यांचा चौकशी आयोग नेमला गेला, त्याचे काम तडीस गेले नाही. ‘सीटू’ या कामगार संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयात दोन दशकांहून अधिक काळ राहिली. राज्यकर्ते आणि अधिकाऱ्यांची जबाबदारी निश्चित करण्याचा प्रश्न तिच्यात शिल्लक होता. एप्रिल २०१९ मध्ये, एवढ्या वर्षांनी यात शिरण्यात अर्थ नाही, अशी भूमिका घेत न्यायालयाने ते प्रकरण बंद केले. वीज खरेदी करारावर पहिली सही होऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.